अंगावरून किती गेलं?

"बाळंतपणात अंगावरून फार गेलं हो तिच्या" हे वाक्य आपण आई-मावशीकडून ऐकलेलं असतं, पण फार म्हणजे किती ते कुणी सांगू शकत नाही, आणि खरं तर लेबर रूममधल्या लोकांनाही बऱ्याचदा ते माहीत नसायचं.

दिवस भरले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि पिशवीचे स्नायूच आकसून त्यांना दाबून बंद करतात. पिशवी ढिली राहिली की मग नळ सोडल्यासारखं. 500 मिलीच्या वर गेलं की धोका समजतात, पण मोजणार कसं? रक्त चादरीत मुरतं, पॅडमध्ये जातं, बाकीचं पाण्यात मिसळतं, मग सगळा नजरेचाच अंदाज.

यावर बेळगावात एक अगदी साधा जुगाड निघाला. तिथल्या जे. एन. मेडिकल कॉलेजने अमेरिकन संशोधकांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉल या गर्भपिशवी आकसवणाऱ्या गोळीची ट्रायल घेतली, 1620 बायका, बाळंतपणं करणाऱ्या एएनएम सिस्टर म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका. रक्त मोजायला प्लॅस्टिकची शीट बनवली, ती बाळंतिणीखाली घालायची, पुढे लोंबणारी पिशवी आणि तिच्यावर आकडे छापलेले, बस. गोळीमुळे जादा रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं, 2006 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण मला विचाराल तर त्यातली खरी हिरॉईन ती प्लॅस्टिकची पिशवी, कारण शीट लावून मोजलेल्या रक्तापेक्षा नजरेचा अंदाज 33 टक्के कमी निघाला!

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात 2 लाखांहून जास्त बाळंतपणांवर मोठा अभ्यास झाला, 2023 ला निकाल आला. अशीच शीट, आणि रक्त जास्त दिसलं की एकामागून एक उपाय करत वाट बघत न बसता पोट चोळणं, गर्भपिशवी आकसायचं औषध, ट्रानेक्सामिक ॲसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध), सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. आधी निम्म्याच केसेस वेळेत लक्षात यायच्या, आता 93 टक्के. एक लिटरच्या वर रक्त जाणं, ऑपरेशन किंवा मृत्यू हे सगळं मिळून 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. नवीन औषध एकही नाही बरं का.

त्यातलं ट्रानेक्सामिक ॲसिड तर 1962 चं, जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने शोधलेलं. बाळंतिणींवर ते वापरून बघा म्हणून बाईंनी डॉक्टरांच्या मागे लागून पाहिलं, कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी 20 हजार बायकांवर ट्रायल झाली, तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात हे 2017 ला सिद्ध झालं. ओकामोतोबाई 2016 लाच गेल्या होत्या.