‘नाव घ्या’ कोणाला म्हणायचं? उखाण्याची पार्श्वभूमी

नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही या रिवाजातून उखाणा जन्मला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रिवाजाला आधार म्हणून जो श्लोक पुढे केला जातो, तो मात्र शेवटपर्यंत फारसं कुणी वाचत नाही. ‘आत्मनाम गुरोर्नाम नामातिकृपणस्य च’ अशी त्याची सुरुवात. आपलं भलं व्हावं असं वाटणाऱ्याने स्वतःचं, गुरूचं, अतिकृपणाचं, थोरल्या अपत्याचं आणि बायकोचं नाव घेऊ नये, असं तो सांगतो. म्हणजे बंधन पुरुषावर आहे, नवऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. घरोघरी ते दोन्ही बाजूंनी पाळलं गेलं आणि बाईवर अधिक करकचून बसलं, कारण तिच्या बाबतीत भीती घातली होती ती नवऱ्याचं आयुष्य कमी होण्याची. मग ‘इकडून येणं झालं’, ‘स्वारी बाहेर गेलीय’, ‘अहो’ अशा वळणांनी संसार चालला. माप ओलांडताना, घास भरवताना, डोहाळजेवणाला, बारशाला, मंगळागौरीला, संक्रांतीचं वाण लुटताना तेवढी मुभा होती, तीही यमकात गुंडाळून.

या मुभेतून बायकांनी कविता काढली. पहिली ओळ समोर जे दिसेल त्याची: समई, चांदीचं ताट, तुळस, जाईजुईचा गजरा, दारातली रांगोळी. दुसऱ्या ओळीत नाव. दोन ओळींत अर्थाचं नातं असायलाच हवं असं नाही. ‘महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून’ म्हटलं की ‘सर्वांचा मान राखून’ जुळतं आणि त्या आधारावर नाव सुखरूप बाहेर पडतं. ननंद दार अडवून उभी, सासू ऐकतेय, जावा हसू दाबतायत, अशा वेळी कोवळ्या वयाच्या मुलीने जागच्या जागी यमक जुळवायचं, ही साधी गोष्ट नव्हती. माझ्या मते मराठीतल्या शीघ्रकवित्वाचं हे सर्वांत मोठं मैदान, आणि त्याची नोंद सर्वांत कमी झाली. जुने उखाणे कुणाचे ते कळत नाही, आणि घरातल्या वस्तू बदलल्या तशा पहिल्या ओळी मात्र बदलत गेल्या. कपबशी आली, आगगाडी आली, शिवणयंत्र, रेडिओ, कुकर, मोबाइल, सगळे तिथे येऊन बसले.

पुढे उखाण्यांच्या छापील पुस्तिका निघाल्या. त्यांनी लाजऱ्या मुलींची सोय केली, पण पाठ केलेला उखाणा रुजवला आणि समोरची वस्तू पाहून ओळ रचण्याची सवय सैल केली. २००४ साली वहिनींना पैठणी जिंकून देणारा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. बायकांच्या खोलीतला खेळ आता रोज संध्याकाळी सगळ्या घरासमोर होऊ लागला, आणि नवऱ्यालाही नाव घ्यावं लागलं. लग्नात नवरदेव उखाणा घ्यायचा, पण तो घास भरवण्यापुरता. इथे वीस-पंचवीस वर्षांच्या संसारानंतर गृहस्थ उभे राहून बायकोवर दोन ओळी म्हणू लागले. २०२० च्या टाळेबंदीत मास्क आणि सॅनिटायझर उखाण्यात शिरले. मतदान, स्वच्छता, पाणीबचत असे विषय देऊन स्पर्धाही होऊ लागल्या. नगरपालिकांच्या निवडणुका जवळ आल्या की इच्छुकांची हळदीकुंकवं वाढतात आणि त्यांत उखाणा हमखास असतो.

खरा वाद या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि तो जितका बोलला जायला हवा तितका बोलला जात नाही. ‘नाव घ्या’ हे म्हणायचं कोणाला? उखाण्याची मुख्य जागा हळदीकुंकू, आणि हळदीकुंकवाला बोलावणं फक्त सवाष्णीला. त्यामुळे नवरा गेला की कुंकवाबरोबर उखाणाही गेला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचा तो महिना होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही असंच करावं असं सांगितलं. त्यानंतर विधवांना बोलावून केलेल्या हळदीकुंकवांच्या बातम्या येऊ लागल्या आणि उखाण्याचा प्रश्न आपोआप पुढे आला.

विरोधाचे सूर दोन. एक म्हणतो, उखाणा सौभाग्याचा, दुःखात असलेल्या बाईला तो घ्यायला लावणं क्रूरपणाचं. दुसरा बरोबर उलट टोकाचा: विधवेला हळदीकुंकवात घेऊन काय साधणार, जो समारंभच बाईला नवऱ्यावरून मोजतो तो बंद करा आणि सगळ्यांना तिळगूळ द्या. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मला ते अपुरं वाटतं, कारण उखाणा हा समारंभापेक्षा मोठा आहे. जुन्या रिवाजाचा तर्कच धरून पाहा. नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणून नाव घ्यायचं नाही. मग ज्या बाईचा नवरा आता नाही, तिला ती भीती लागूच होत नाही. नाव मोकळेपणाने घेण्याचा हक्क त्या तर्काने सर्वांत आधी तिचा, आणि नेमकं तिलाच गप्प बसवलं गेलं. म्हणजे आयुष्याची काळजी हे कारण पुरतं खरं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या नावाशी संसार केला ते नाव दोन ओळींत घ्यायचं की नाही, हे तिने ठरवावं. तिला आग्रह करू नये, आणि तिची पाळी आली की ताट घाईघाईने पुढेही सरकवू नये.

शासनाचं ते परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, न पाळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. गावात ठराव असला तरी संक्रांतीला कुणाच्या दारी बोलावणं जातं, हे अजून कुंकवाचा करंडा हातात असलेली यजमानीणच ठरवते.