‘सर, एक मॉप कमी आहे’: ओटीतल्या न दिसणाऱ्या कौशल्यांची पार्श्वभूमी

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) शिकाऊ नर्स पूर्वापार सीनिअर सिस्टरच्या हाताखालीच तयार होत आली. स्क्रब कसं करायचं, म्हणजे हात निर्जंतुक कसे करायचे, ट्रॉली कशी मांडायची, केव्हा कोणतं अवजार पुढे करायचं, हे दाखवता येतं, तपासताही येतं. पण सर्जन टाके घालायला घेतोय आणि मोजणीत एक मॉप (रक्त टिपायची कापडी घडी) कमी भरतोय, म्हणजे तो पोटात राहिला असू शकतो, अशा वेळी तोंड कसं उघडायचं? ते ‘अनुभवाने येईल’ म्हणून सोडून दिलं जाई.

यावर पद्धतशीर विचार आधी विमान क्षेत्रात झाला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन जम्बो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. पॅन अॅमचं विमान अजून धावपट्टीवरच असेल, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणात संवाद, सावधानता, कामाची वाटणी हे विषय आले.

वैद्यकात हे लोण आधी भूलतज्ज्ञांकडे पोचलं. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ रोना फ्लिन यांच्या गटाने भूलतज्ज्ञांसाठी ‘अँट्स’, मग सर्जनसाठी ‘नॉट्स’ आणि त्यानंतर स्क्रब नर्ससाठी, म्हणजे सर्जनच्या हातात अवजारं देणाऱ्या नर्ससाठी, ‘स्प्लिंट्स’ ही अशी कौशल्यं कामात पाहून गुण देण्याची निरीक्षणपद्धती बांधली. नर्सचा नंबर शेवटी लागला, यात ओटी ओळखणाऱ्या कुणाला नवल वाटणार नाही.

खरं तर नर्सच्या बोलण्याची किंमत २००५ मध्येच इंग्लंडमध्ये दिसली होती. एलेन ब्रॉमिली यांच्या सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेआधी, भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. एका नर्सने ट्रेकिओस्टोमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा) सेट आणून तसं सांगितलं, दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली. डॉक्टर मात्र नळी घालण्याच्या प्रयत्नातच अडकून राहिले. त्यांचा एकूण रोख बघून खाटही रद्द झाली. एलेन वाचल्या नाहीत. काय करायला हवं हे नर्सना कळत होतं, ते मांडायचं कसं हे कळत नव्हतं. एलेन यांचे पती मार्टिन स्वतः वैमानिक. त्यांनी २००७ मध्ये, हाच विचार आरोग्यसेवेत आणण्यासाठी, क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप उभा केला.

स्प्लिंट्समध्ये तीन मोठे भाग आहेत: परिस्थितीचं भान, संवाद आणि संघकार्य, कामाचं नियोजन. प्रत्येक भागात तीन घटक, आणि गुण १ ते ४. देखरेख करणाऱ्या सिस्टरला यातून सर्वांत मोठी मिळकत झाली ती शब्दांची. ‘मुलगी जरा बावरते’ एवढ्यावर न थांबता ती विचारू शकते: मॉप कमी आहे हे तुला केव्हा कळलं? कळल्यावर कुणाला सांगितलंस? आवाज सर्जनपर्यंत पोचला का? नॉर्वेत ओटी नर्सिंग हे नर्सिंगच्या पदवीनंतरचं किमान दीड वर्षाचं शिक्षण आहे. तिथे या पद्धतीची स्थानिक आवृत्तीही तयार झाली.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. पण अडचण कुठेही तीच. शिकवणारी सिस्टर स्वतः केसमध्ये गुंतलेली, रुग्ण स्पायनलखाली (कण्यातून दिलेल्या भुलीखाली) जागा असला तर त्याच्यासमोर ‘तू इथे गप्प का राहिलीस’ असं विचारायची सोय नाही, आणि केस संपते तोवर पुढचा पेशंट टेबलवर आलेला असतो.