पात्याची पाठ आणि कमानीचं वळण

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या आणि लातूरला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे मखराची कमान अडली होती. १८ मिमीचा प्लाय, त्यावर पेन्सिलीनं आखलेल्या पाकळ्या, हातात जिगसॉ, म्हणजे अरुंद पातं वर-खाली करत कापणारी विजेची करवत. सरळ भाग सरसर कापला गेला. पाकळीच्या वळणाला मात्र मशीनचा आवाज बदलला आणि जळका वास सुटला. "सर, पातं भाईर पळायलंय बघा," मिस्त्री म्हणाले. हाताखालच्या पोरानं कारणही सांगून टाकलं: पातं शनिवारी आणलंय, शनिवारी लोखंड घेऊ नये.

मी कापलेला तुकडा उजेडात धरला. कापाच्या दोन भिंतींपैकी वळणाच्या बाहेरची तेवढी काळी पडली होती, आतली स्वच्छ होती. कारण वाराचं असतं तर डागानं बाजू निवडली नसती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मीही मनापासून करतो, पण पातं कुठल्या वारी घेतलं याचा कापाशी काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो पात्याच्या रुंदीशी.

जिगसॉचा जन्म शिलाई मशीनमधून झाला. १९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतला अभियंता आल्बर्ट काउफमन यानं सुईच्या जागी करवतीचं पातं बसवून पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी तसं यंत्र बाजारात आलं. पण सुई कापडातून वर निघते, मग कापड वळतं. पातं निघत नाही. ते वर-खाली होतं, तरी त्याचं अंग सतत कापाच्या खाचेतच असतं. कापतात पुढचे दात, आणि त्यांच्यामागे सात-आठ मिलिमीटर रुंदीची पोलादी पट्टी त्याच खाचेतून ओढत न्यावी लागते. दात वळले तरी ही पाठ सरळच राहते. वळणात ती बाहेरच्या भिंतीला टेकते, घासते, तापते आणि लाकूड जाळते. काळा डाग तिथूनच आला.

आता वळण किती आवळता येईल? इथं दहावीचं स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचं प्रमेय कामाला येतं. वर्गात फळ्यावर ते निर्जीव वाटतं. मला ते प्लायवर दिसलं तेव्हा फार आनंद झाला. खाचेची मधली रेषा म्हणजे वर्तुळ. दात त्या वर्तुळावर आहेत आणि पातं तिथून मागे स्पर्शिकेसारखं सरळ गेलंय. म्हणजे पात्याची रुंदी हीच स्पर्शिकेची लांबी. पाठीचं टोक वर्तुळापासून जितकं बाहेर सरकतं तितकी जागा खाचेत हवी. दात थोडे डाव्या-उजव्या बाजूला वाकवलेले असतात, म्हणून खाच पात्याच्या जाडीपेक्षा जरा रुंद पडते. त्यातून मिळते तीच ही जागा. प्रमेयानुसार रुंदीचा वर्ग बरोबर ही जागा गुणिले (व्यास अधिक ही जागा). जागा अगदी लहान असल्यानं कंसातली सोडून दिली तरी चालतं. उरतं ते असं: त्रिज्या म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले जागेची दुप्पट.

समजा एका बाजूला जागा पाव मिलिमीटर आहे. ८ मिमी रुंद पात्याला ६४ भागिले अर्धा, म्हणजे १२८ मिमी त्रिज्या लागते. ५ मिमीच्या पात्याला ५० मिमी पुरते. मिस्त्रींच्या पाकळीची त्रिज्या होती ६० मिमी. हिशेब ढोबळ आहे, पण रुंदीचा वर्ग येतो हे महत्त्वाचं: पातं निम्मं केलं तर वळण चारपट आवळतं.

मग सगळीकडे अरुंदच पातं का लावू नये? कारण पातं फक्त वरच्या टोकाला धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं लटकतं. अशा पट्टीची लटकती लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोरानं टोक आठपट वाकतं. इथं लांबीचा घन येतो. अरुंद पातं त्याहून लवकर वाकतं आणि पिळही खातं. म्हणून जाड प्लायमध्ये वरून काप रेषेवर दिसतो आणि उलटून पाहिलं तर खाली दोन-तीन मिलिमीटर बाहेर गेलेला असतो. मशीन बाजूला दाबून वळवलं की हे हमखास होतं. ते पुढं ढकलायचं आणि मागची बाजू फिरवायची, जणू पातं हा खांब आहे. एकच पातं कुठल्याही वळणाला, कुठल्याही जाडीला चालतं असं सांगणाऱ्या जाहिराती पैसे उकळतात. वर्ग आणि घन त्यांच्यासाठी बदलत नाहीत.

वळणात पेंड्युलमचा खटका, म्हणजे पात्याला पुढं-मागं झोका देणारा, शून्यावर ठेवावा. नेहमीच्या पात्याचे दात वर तोंड करून असतात, तेव्हा सनमाईकाची बाजू खाली ठेवली तर तिचे टवके उडत नाहीत. ॲक्रिलिक असेल तर वेग कमी करावा. ते साधारण १०५ अंशाला मऊ पडतं आणि कापलेली खाच मागे पुन्हा चिकटते. आणि तोंडाला मास्क हवाच. लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय, तरी आमच्याकडे रुमालसुद्धा बांधत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या कमानदार फासळ्या आहेत, सगळ्या दगडात कोरलेल्या. छिन्नी घाव घालते आणि बाहेर येते, तिला मागे पाठ ओढायची नसते. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पातं आडवं धरून बोटानं त्याची रुंदी मापली. मग डब्यातून अरुंद पातं शोधून लावलं, आणि टाकाऊ बाजूनं पाकळीच्या रेषेपर्यंत चार-पाच सरळ काप घेतले. पातं वळणावरून जाऊ लागलं तसे कापांमधले टाकाऊ तुकडे एकेक गळून पडले आणि पात्याला सरकायला जागा मिळत गेली. या वेळी वास आला नाही. प्लाय उलटा करून त्यांनी पट्टी लावली: खाली अर्धा मिलिमीटर फरक होता. "पॉलिश पेपरनं निघंल एवढं," म्हणाले, आणि दुसऱ्या पाकळीला मशीन लावलं.