पाऊल अजून लांब पडतं

रात्री पाणी प्यायला उठले की मी दिवा लावत नाही. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतची ११ पावलं पायांना पाठ आहेत. त्यातलं नववं पाऊल लांब पडतं. तिथे, दाराच्या चौकटीला पाठ लावून माझा कुत्रा तांबू झोपायचा. १४ वर्षं ४ महिन्यांचं आयुष्य जगला तो. त्याला जाऊन ९ आठवडे झाले, तरी माझं नववं पाऊल लांबच पडतं.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा भिंतीला धरून तिथेच उभी राहिले. रडून झाल्यावर मनात आलं, पायाला हे कोण सांगतंय?

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांची प्रयोगशाळा आहे. मेंदू जागेचा नकाशा कसा तयार करतो, या शोधासाठी दोघांना २०१४ चं नोबेल विभागून मिळालं. त्याच प्रयोगशाळेतला २०१३ चा एक प्रयोग मी पुन्हा काढून वाचला. उंदरांना एका पेटीत फिरू दिलं होतं आणि पेटीत एक वस्तू ठेवली होती. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या केंद्राला लागून असलेल्या भागातल्या काही चेतापेशी, उंदीर त्या वस्तूपाशी आला की संदेश सोडायच्या. मग वस्तू काढून घेतली. आता दुसऱ्याच काही पेशी जाग्या झाल्या. वस्तू होती तेव्हा त्या गप्प होत्या. ती जिथे असायची त्या रिकाम्या जागी उंदीर पोचला की बोलू लागल्या. आणि हे काही दिवसांनंतरही घडत होतं. ‘इथे काहीतरी होतं’ एवढंच सांगणाऱ्या पेशी!

ॲरिझोना विद्यापीठातल्या मेरी-फ्रान्सिस ओ’कॉनर गेली अनेक वर्षं शोकात मेंदूत काय घडतं याचा अभ्यास करतात. शोक म्हणजे एक प्रकारचं शिकणं आहे, असं त्या मांडतात. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. ज्याच्यावर आपला जीव जडलेला असतो तो कुठे असेल, कधी दिसेल, हाक मारली तर येईल का, याचे अंदाज त्यात खोलवर मुरलेले असतात. माणूस किंवा प्राणी गेल्याची बातमी एका क्षणात कळते, पण हजारो वेळा खरे ठरलेले अंदाज एका क्षणात पुसले जात नाहीत. ते एकेक करून खोटे ठरावे लागतात. दर वेळी थोडं दुखतं.

कुत्र्याच्या बाबतीत हे अंदाज किती दाट विणलेले असतात, हे कुत्रं न पाळलेल्या माणसाला कळणं कठीण आहे. कुत्र्याशी आपलं नातं बोलण्यापेक्षा रोजच्या हालचालींतून घडतं. किल्ल्यांचा आवाज झाला की फरशीवर नख्यांची टकटक. खुर्ची मागे सरकवण्याआधी खाली पाहायचं. दार उघडताना गुडघा आडवा घालायचा, म्हणजे तो पळणार नाही. घास संपता संपता हात आपोआप टेबलाखाली जायचा. अशा सवयी मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लिआत, साठलेल्या असतात. त्या विचार करून सुरू होत नाहीत आणि विचार करून थांबतही नाहीत. म्हणून दूरच्या एखाद्या नातेवाइकाच्या जाण्यापेक्षा कुत्र्याचं जाणं दिवसातून जास्त वेळा आठवतं. अनेकांना याचीच लाज वाटते. मला तरी यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. दूरच्या माणसाबद्दल मेंदूने दिवसाला एखादा अंदाज बांधलेला असतो, कुत्र्याबद्दल शंभर.

त्यात शरीरातली रसायनंही आली. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले तर दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळ यांच्यातला बंध घट्ट करणारं हेच संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही.

तरीही ‘कुत्रंच तर होतं’ हे ऐकावं लागतं. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. आपण त्याला ‘मान्यता न मिळालेला शोक’ म्हणू. ज्याच्यासाठी रजा मिळत नाही, भेटायला कोणी येत नाही, चार दिवसांनी विषय काढला तर समोरचा घड्याळाकडे पाहतो, असा शोक. दुःख तेवढंच असतं, फक्त ते उतरवून ठेवायला जागा नसते.

ज्यांना हे सगळं आजकालचं खूळ वाटतं त्यांच्यासाठी एक फार जुनी गोष्ट सांगते. जर्मनीतल्या बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये खाणकामगारांना एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्यासोबत एक कुत्रं. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. कुत्रं जेमतेम ७ महिन्यांचं पिल्लू होतं. २०१८ मध्ये त्याचे दात तपासले तेव्हा त्यांच्यावर आजाराच्या खुणा दिसल्या, बहुधा डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या. हा आजार त्याला अनेक आठवडे होता, आणि कोणी पाणी पाजलं नसतं, ऊब दिली नसती, पुसून काढलं नसतं तर ते इतकं जगलंच नसतं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आजारी पिल्लू कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तरी कोणीतरी रात्री जागून काढल्या.

तांबूला १४ वर्षं मिळाली. ही थोडी की पुष्कळ?

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तो बरोबर नाही. एक वर्षाची कुत्री पिल्लांना जन्म देऊ शकते, सात वर्षांची मुलगी नाही. वय वाढतं तसे डीएनएवर चिकटलेले मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे ठरावीक पद्धतीने बदलत जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांमधले हे बदल माणसांमधल्या बदलांशी ताडून पाहिले आणि २०२० मध्ये नवा हिशेब मांडला. त्यानुसार वर्षाचं कुत्रं माणसाच्या तिशीत असतं, चार वर्षांचं पन्नाशी ओलांडतं, आणि मग वेग मंदावतो. १४ वर्षं म्हणजे साधारण ७३. हा अभ्यास एकाच जातीवरचा आहे, त्यामुळे आकडा प्रत्येक कुत्र्याला नेमका लागू करू नये. पण आयुष्याचा आकार त्यातून कळतो: बालपण झपकन संपतं आणि प्रौढपण लांबतं.

कुत्र्यांमध्ये आणखी एक उलटी गोष्ट आहे. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण मोठं कुत्रं लहान कुत्र्यापेक्षा कमी जगतं. ७४ जातींच्या नोंदी तपासणाऱ्या २०१३ च्या एका अभ्यासात, दर २ किलो वजनामागे आयुर्मान सुमारे एका महिन्याने घटतं असं दिसलं. मोठी कुत्री लवकर म्हातारी होतात असं नाही. एकदा म्हातारपण सुरू झालं की ते त्यांच्यात वेगाने पुढे जातं. त्यामुळे आठव्या वर्षी गेलेल्या ग्रेट डेनच्या माणसाने ‘माझं काय चुकलं’ म्हणून स्वतःला खात बसू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

शेवटच्या दोन वर्षांत तांबूच्या डोळ्यांत निळसर धुकं उतरलं होतं. मी ते मोतीबिंदू समजले. डॉक्टरांनी सांगितलं की भिंगात आयुष्यभर नवे तंतू तयार होत राहतात आणि जुने गाभ्याकडे दाबले जातात, म्हणून भिंग असं दिसतं. नजर फारशी जात नाही. मग ऐकू येणं कमी झालं. मग रात्रीच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. कोपऱ्यात जाऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, जणू पुढे वाट आहे आणि ती अजून उघडायची आहे. कुत्र्यांच्या मेंदूतही वयाबरोबर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात, अल्झायमरच्या रुग्णांमध्ये साचतात तसेच. एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांमध्ये आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये अशा गोंधळाचं एक तरी लक्षण आढळलं होतं.

शेवटी इंजेक्शन देऊन त्याला झोपवावं लागलं. तो निर्णय मीच घेतला. हा निर्णय घेतलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न घोळतो: त्याला काही कळलं का? हे औषध सहसा पेंटोबार्बिटाल असतं. जाणीव ज्याच्यावर अवलंबून असते तो मेंदूचा वरचा भाग काही सेकंदांत शांत होतो. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतात. नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा दिसतो, पाय थरथरतो, डोळे उघडेच राहतात. या शरीराच्या प्रतिक्षिप्त क्रिया असतात. तो तेव्हा जागा नसतो. मला हे आधी माहीत असतं तर त्या एका श्वासासाठी मी इतक्या रात्री तळमळले नसते.

आठवणींचं मात्र वेगळंच झालं. पहिले काही आठवडे डोळे मिटले की फक्त शेवटचे १५ दिवस दिसायचे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना दोनदा थंड पाण्यात हात धरायला सांगितला. एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाण्याचा गारवा हळूहळू एका अंशाने कमी होत गेला. पुन्हा करायचं झालं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, त्यात एकूण त्रास जास्त असूनही. आठवण कालावधी मोजत नाही. ती सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवते. आपल्या लाडक्या कुत्र्याचा शेवट बहुधा वाईटच असतो, आणि सगळ्यात तीव्र क्षणही तोच. म्हणून पाच हजारांहून जास्त दिवसांवर १५ दिवस बसतात. त्यांना उठवावं लागतं, आपले आपण उठत नाहीत.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं सर्रास सांगितलं जातं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात अशी अपेक्षा धरायला आधार नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांचं १९९९ चं म्हणणं मला जास्त पटतं: शोक करणारा माणूस झोके घेत असतो, कधी दुःखाकडे, कधी रोजच्या कामांकडे, आणि दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. एखादी दुपार त्याची आठवण न येता गेली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याच्याकडेही लक्ष द्या. सोबती गेल्यावर खेळणं कमी होणं, माणसाला चिकटून राहणं हे इटलीतल्या ४२६ घरांच्या पाहणीत पुष्कळांनी नोंदवलं आहे. आणि झोप, जेवण, काम महिनोन् महिने रुळावर येत नसेल किंवा जगणंच नकोसं वाटू लागलं, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. ‘कुत्र्यासाठी?’ असं विचारणारा डॉक्टर भेटला तर दुसरा गाठा.

मी एक वही केली आहे. शेवटचे १५ दिवस सोडून उलट्या क्रमाने लिहीत जाते. एका बैठकीत एकच आठवण, पण बारीकसारीक सगळं. त्याची चादर धुतलेली नाही, ती जवळ घेऊन बसते, कारण वासाचे संदेश मेंदूत फार आडवळणं न घेता भावना आणि स्मृतीच्या केंद्रांपर्यंत पोचतात, आणि खरंच, चादर नाकाशी धरली की न आठवणारं आठवतं. नववं वर्ष आलं: पडलेल्या चेंडूकडे न जाता तो माझ्याकडे पाहत बसायचा, मीच आणावा म्हणून. पाचवं आलं, तिसरं आलं.

काल पहिल्या रात्रीपर्यंत पोचले. ४० दिवसांचं पिल्लू, खोक्यात जुना टॉवेल, आणि थांबता थांबेना असं कुईकुई. शेवटी जमिनीवरच आडवी झाले आणि हात खोक्यात सोडला. त्याने मनगटावर हनुवटी टेकली आणि झोपला. हाताला मुंग्या आल्या, मग बधिर झाला. उजाडेपर्यंत मी तो काढला नाही.