गुणक १६: नुकसानभरपाईचा पैसा नेमका कशाचा असतो?

रस्त्यावरच्या अपघातात घरातला कमावता माणूस गेला, चार वर्षं तारखा झाल्या आणि एक दिवस बँकेत रक्कम जमा झाली, की तिला गावात लगेच नाव पडतं: 'त्याच्या जिवाचे पैसे'. मग सुनेने स्कूटर घेतली की कुजबुज, वर्षश्राद्धाला पाचशे पानं उठवली की कौतुक, आणि काहीच न करता बँकेत ठेवले तर 'एकटी कुठे नेणार आहे एवढे?'. खर्च योग्य की अयोग्य हे ठरवण्याआधी ही रक्कम कशाची बनली आहे ते पाहायला हवं. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या निकालपत्राची शेवटची दोन-तीन पानं पुरेशी असतात. घरात ती सहसा कोणी वाचत नाही. शेवटचा आकडा तेवढा सगळ्यांना पाठ असतो.

समजा, गेलेला माणूस ३४ वर्षांचा, स्वतःचा टेम्पो चालवणारा, महिन्याला २०,००० रुपये कमावणारा. मागे बायको, दोन मुलं (रक्कम हातात येते तेव्हा सहा आणि नऊ वर्षांची), आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. (कायम नोकरी असती तर ५० टक्के.) झाले २८,०००. आता तो स्वतःवर जे खर्च करत असता ते वजा करायचं. विवाहित माणसावर दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, अविवाहिताचे साधारणपणे निम्मे. इथे चौघं आहेत, म्हणून ७,००० गेले आणि २१,००० उरले. वर्षाचे २,५२,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. २००९ सालच्या निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ हा गुणक आहे. पंचविशीपर्यंत १८, आणि पासष्टीनंतर ५. गुणाकार येतो ४०,३२,०००.

त्या ७,००० कडे पुन्हा एकदा बघा. त्याचा टपरीवरचा चहा, तंबाखू, मोबाइलचं रिचार्ज, दिवाळीचा शर्ट हे सगळं कोर्टाने आधीच काढून टाकलेलं आहे. उरलेल्या रकमेत त्याच्या वाट्याचं काहीच नाही. ते २१,००० म्हणजे तो दर महिन्याला घरात आणून देत असलेलं रेशन, दूध, फी आणि आईच्या गोळ्या. सोळा वर्षांचं वाणसामान एकदम दारात आणून टाकावं, तशी ही रक्कम आहे.

मग दुःखाचं काय? त्याचा वेगळा रकाना असतो: सहवास गमावल्याची भरपाई. मूळ रक्कम माणशी ४०,०००, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. दोन वाढींनंतर ४८,४००. चौघांचे मिळून १,९३,६००. अंत्यसंस्कार आणि मालमत्तेची हानी यांचे प्रत्येकी १८,१५०. सगळं मिळून ४२,६१,९००. म्हणजे ज्याला 'जिवाचे पैसे' म्हणता येईल असा सहवासाचा भाग शंभरातले साडेचार रुपये. जवळजवळ बाकी सगळी बुडालेली कमाई आहे.

तो माणूस साठीपर्यंत कमावता राहिला असता तर २६ वर्षं झाली असती, मग गुणक १६ का? ही पद्धत ब्रिटनमधल्या कोळसा खाणीच्या एका खटल्यातून १९४२ साली पुढे आली, आणि तिच्यामागचा विचार साधा आहे. २६ वर्षांचे पैसे आज एकदम हातात दिले तर त्यांवर व्याज मिळतं, म्हणून कमी द्यावे लागतात. शिवाय माणूस मध्येच आजारी पडला असता, धंदा बसला असता, हेही धरलेलं असतं. थोडक्यात, रक्कम व्याजावर राहील आणि थोडीथोडी काढली जाईल, असं गृहीत धरूनच ती कमी ठरवलेली आहे. खर्चाच्या नीतीबद्दल गावकीत जी चर्चा होते तिच्यात ही गोष्ट कधीच येत नाही.

ती लक्षात न घेता काय होतं? ४०,३२,००० वर सात टक्के व्याज धरू. पहिल्या वर्षी २,५२,००० काढायचे आणि महागाईमुळे ही उचल दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढवायची. हिशेब केला तर रक्कम सुमारे १७ वर्षं पुरते. धाकटं मूल तेव्हा २३ वर्षांचं. आता सुरुवातीलाच घराच्या स्लॅबसाठी दहा लाख काढा. उरलेले पैसे पावणेतेरा वर्षांत संपतात. धाकटं मूल तेव्हा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असेल. घर बांधू नये असं मुळीच नाही. भाडं वाचत असेल तर गणित बदलतं. पण वरचा मजला 'मुलांसाठीच तर आहे' असं म्हणत चढवला जातो, तेव्हा तो मुलांच्या शेवटच्या चार वर्षांच्या शिक्षणातून चढतो.

अशा पैशांशी मन वेगळं का वागतं याचा अभ्यास झालेला आहे. अर्थशास्त्राचं २०१७ सालचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी 'मानसिक खाती' ही कल्पना मांडली. आपल्याकडे ती समजावायची गरज नाही: डाळीच्या डब्यातले पैसे भाजीचे, गव्हाच्या डब्यातले भिशीचे, आणि निकड पडली तरी एकातले दुसऱ्यात जायचे नाहीत. जोनाथन लेव्हाव आणि पीटर मॅकग्रॉ यांनी २००९ साली पुढचा प्रश्न विचारला: पैसे कोणत्या भावनेसोबत आले यावर ते कुठे जातात हे ठरतं का? त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की वाईट प्रसंगाशी जोडलेले पैसे माणसं मौजेवर खर्च करायला कचरतात, आणि शिक्षणासारख्या 'चांगल्या' खर्चाकडे वळवून जणू धुऊन घेतात. पैशाचा डाग जावा म्हणून.

शिक्षणावर धुतला जात असेल तर कोणाची तक्रार नाही. अडचण होते ती पुण्याच्या खर्चाने. देवळाचा सभामंडप, शाळेला त्याच्या नावाची खोली, गावजेवण. हे सगळं उजळ माथ्याने होतं, त्यामुळे त्याला कोणी हरकत घेत नाही. स्कूटरला मात्र घेतात. वास्तविक बाईला कामावर जायला स्कूटर लागते, आणि रिक्षाचे रोजचे ऐंशी रुपये वाचले तरी वर्षाकाठी वीस हजारांच्या वर जातात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात आयुर्विम्याच्या पैशांनाही रक्ताचा पैसा म्हणत असत, आणि पुढे तेच कुटुंबप्रमुखाचं कर्तव्य मानलं जाऊ लागलं, हे समाजशास्त्रज्ञ विव्हियाना झेलिझर यांनी तपशिलात दाखवलं आहे. पैसा तोच होता, फक्त त्याचं नाव बदललं.

खरा नैतिक प्रश्न वेगळाच आहे: कोणाचे पैसे, कोण खर्च करतंय? निकालपत्रात वाटणीचे टक्के दिलेले असतात. आपल्या उदाहरणात दाव्याच्या तारखेपासून चार वर्षांचं साडेसात टक्क्यांनी सरळ व्याज १२,७८,५७० होतं. एकूण सुमारे ५५ लाख ४० हजार. समजा बायकोला ४० टक्के, मुलांना २५-२५, आईला १०. म्हणजे निम्मी रक्कम अशा दोघांची, ज्यांना अजून सहीही धड येत नाही. सज्ञान माणसाने आपल्या वाट्यातून मंडप बांधावा, सोनं घ्यावं, काशीला जावं. तो त्याचा हक्क. सहवासाचे ४८,४०० तर त्यासाठीच आहेत असं आमचं मत. मुलांच्या वाट्यातून दान करण्याचा अधिकार मात्र आईला नाही, आजोबांना नाही, काकाला तर नाहीच. सुनेने दुसरं लग्न केलं तर 'आता पैसे परत दे' हेही तितकंच बिनबुडाचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केलं, की पुनर्विवाहामुळे भरपाईचा हक्क जात नाही.

व्याजाच्या त्या पावणेतेरा लाखांबद्दल थोडं थांबायला हवं, कारण त्यांचा स्वभाव मुद्दलापेक्षा वेगळा आहे. ते वाट पाहण्याचे पैसे आहेत. त्या चार वर्षांत घर कोणी चालवलं? माहेरच्यांनी, दिराने, किंवा सावकाराने. म्हणून त्या काळातली देणी आधी याच भागातून फेडावीत, आणि महागडं कर्ज सगळ्यात आधी. महिना तीन टक्क्यांनी घेतलेल्या दोन लाखांवर दरमहा ६,००० जातात. तेच दोन लाख सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर महिन्याला ११६६ येतात. (तीन टक्के दरमहा हा दर परवानाधारक सावकारालाही लावता येत नाही, ही गोष्ट तडजोड करताना तोंडावर सांगावी.) तोंडी 'इतके टक्के द्या' म्हणणारा वकील भेटला तर हेही माहीत असावं: निकालातल्या रकमेवर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

उरलेले ठेवायचे कुठे? बँकेतल्या ठेवींना एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत, व्याजासकट, विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, आणि आपल्याकडे अशा रकमेच्या वासाने पहिला माणूस दारात येतो तो बहुधा ओळखीच्या पतसंस्थेचा, एक-दीड टक्का जास्त देतो म्हणत. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर नऊ लाख ठेवता येतात, ७.४ टक्के दराने महिन्याला ५,५५० हातात येतात. दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं आहे, पण त्यात वर्षाला दीड लाखच भरता येतात, त्यामुळे सगळा वाटा त्यात बसणार नाही.

मुलांचा वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली घालून दिला. पासबुकावर मुलाचं नाव, त्याखाली 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) आणि आईचं नाव, आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय ठेव मोडायची नाही, कर्ज काढायचं नाही असा शेरा. सज्ञान, शिकलेल्या बाईचे पैसेही तसेच अडकवायचे का? २०१२ साली त्याच न्यायालयाने न्यायाधिकरणांचे कान उपटले: सरसकट ठेवीचा आदेश देऊ नका, समोरचं माणूस कोण, त्याची गरज काय ते बघा. आमचं मत या दुसऱ्या बाजूला झुकतं, पण एक अभ्यास आठवतो. फ्लोरिडातल्या लॉटरी विजेत्यांपैकी ५०,००० ते दीड लाख डॉलर मिळालेल्यांची दिवाळखोरी पहिल्या दोन वर्षांत कमी झाली आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षात तेवढीच भरून निघाली. लॉटरी आणि मरण यांची तुलना होत नाही हे कबूल. मात्र एकदम आलेली रक्कम महिन्याच्या हिशेबात आपोआप बसत नाही, एवढं त्यातून कळतं. म्हणून मधला मार्ग निघाला आहे: मोटार अपघात दाव्यांसाठीची खास वार्षिकी ठेव. ३६ ते १२० महिन्यांत मुद्दल आणि व्याज मिळून दरमहा सारखा हप्ता खात्यात येतो, आणि तिच्यावर कर्ज मिळत नाही. 'ताई, चेकवर सही करा' म्हणणाऱ्या नातेवाइकाला 'निघतच नाहीत हो' हे उत्तर देता येणं हाही तिचा एक उपयोग.

मुलांच्या ठेवीत एक खाच आहे. आपल्या उदाहरणात एका मुलाचे १३ लाख ८५ हजार होतात. सात टक्क्यांनी महिन्याला सुमारे ८,००० व्याज येतं आणि न्यायाधिकरण ते पालनपोषणासाठी आईला काढू देतं. पण बारा वर्षं सगळंच व्याज काढलं तर अठराव्या वर्षी मुलाला तेच १३ लाख ८५ हजार मिळतील, आणि सहा टक्के महागाईत त्यांची आजच्या हिशेबाने किंमत जेमतेम सात लाख उरलेली असेल. व्याजातला निम्मा भाग तरी परत ठेवीत गेला पाहिजे. हे अर्जातच मागून घ्यावं.

आणि सगळ्या ठेवींची मुदत अठराव्या वाढदिवसालाच संपेल अशी लावू नये. तीन-चार तुकडे करावेत: एक दहावीनंतरच्या प्रवेशासाठी न्यायाधिकरणाकडून काढून घेण्यासारखा, एक अठराव्या वर्षी, एक एकविसाव्या. मूल सज्ञान झाल्याच्या तारखेपासून आईची सही चालत नाही. बँक मुलाचं नवीन केवायसी, फोटो आणि नमुना सही मागते, पॅन नसेल तर व्याजातून जास्त कर कापला जातो, आणि हे सगळं नेमकं बारावीच्या परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या गर्दीत येतं. आधार कार्डावरची जन्मतारीख आणि निकालपत्रातली जन्मतारीख जुळते का, ते दोन वर्षं आधीच बघून ठेवावं.