संग्रहालय बंद झाल्यावर जुन्या रेल्वे वाहनांचे पुनर्वसन

रेल्वे संग्रहालयाला टाळे लागते तेव्हा तिथल्या इंजिनांना, प्रवासी डब्यांना, मालडब्यांना आणि क्रेनना नवा मालक व नवी जागा मिळवून देणे, आणि त्यांना तिथपर्यंत सुखरूप पोहोचवणे, हे पुनर्वसनाचे काम. नाणी किंवा चित्रे पेटीत भरून नेता येतात. शंभर टनांच्या इंजिनाला रूळ लागतात, तेही त्याच गेजचे, म्हणजे दोन रुळांत तेवढेच अंतर असलेले. डोक्यावर छप्पर लागते आणि बॉयलरची भाषा कळणारी माणसे लागतात. एवढे सगळे एका ठिकाणी क्वचितच सापडते. शोध लांबला की उघड्यावर उभे असलेले वाहन गंजत जाते, दुरुस्तीचा खर्च दर पावसाळ्यागणिक चढतो आणि अखेरीस गिऱ्हाईक म्हणून फक्त भंगारवाला उरतो.

मालकी आणि तपासणी

कामाची सुरुवात कागदपत्रांपासून होते. आवारात उभे असलेले प्रत्येक वाहन संग्रहालयाचे असतेच असे नाही. काही रेल्वे कंपनीने उसने दिलेली असतात, काही एखाद्या हौशी मंडळाची, तर काही देणगीदाराने अटी घालून दिलेली. अट एवढीच असू शकते की वाहन विकू नये, किंवा नको झाल्यास आधी आपल्याला विचारावे. संस्था दिवाळखोरीत गेल्यावर या अटी शोधायला बसले तर धनकोही दारात असतात. ज्या संस्थांनी नोंदवह्या नीट ठेवल्या त्यांची वाहने लवकर मार्गी लागतात. या साऱ्या कामात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे ती नोंदवही.

मग तपासणी. बॉयलरच्या पत्र्याची जाडी किती उरली, चाकांची झीज किती, भोवतालच्या आवरणात अॅसबेस्टॉस आहे का, सुटे भाग हरवले आहेत का, हे पाहावे लागते. त्यावरून ठरते की वाहन पुन्हा चालवता येईल, नुसते मांडून ठेवता येईल, की त्याचे भाग काढून त्याच जातीचे दुसरे वाहन जगवता येईल. हा तिसरा पर्याय ऐकायला क्रूर वाटतो, पण कित्येक इंजिने आज त्याच्याच बळावर धावतात.

वाहतूक

इंजिन आपल्या चाकांवर न्यायचे असेल तर पिस्टन हलू नयेत म्हणून त्यांना चाकांशी जोडणारे दांडे उतरवतात आणि बेअरिंगमध्ये तेल भरून अगदी कमी वेगाने ओढतात. जुन्या साध्या बेअरिंगची वाहने आपल्या मार्गावर घ्यायला अनेक रेल्वे तयार नसतात. अशा वेळी इंजिन आणि टेंडर (त्यामागचा कोळसा-पाण्याचा डबा) वेगळे करून क्रेनने बहुचाकी ट्रेलरवर चढवतात आणि रस्त्याने नेतात. वाटेतल्या पुलांची ताकद आणि वरून जाणाऱ्या तारांची उंची आधी मोजून ठेवावी लागते. पुष्कळदा वाहन फुकट मिळते, पण ते नेण्याचा खर्चच घेणाऱ्याला झेपत नाही.

स्टीमटाउन

या विषयाचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. नेल्सन ब्लाउंट हे मासे आणि शिंपल्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेले गृहस्थ. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या रेल्वे वाफेची इंजिने भंगारात काढत होत्या, त्या काळात त्यांनी ती विकत घ्यायला सुरुवात केली. व्हरमाँट राज्यातल्या बेलोज फॉल्सजवळ त्यांचे 'स्टीमटाउन' उभे राहिले. कॅनडात वाफ 1960 पर्यंत टिकली होती, त्यामुळे तिथली इंजिने चांगल्या स्थितीत मिळत आणि संग्रहात त्यांचा भरणा मोठा झाला. ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

31 ऑगस्ट 1967 रोजी ब्लाउंट विमान अपघातात गेले. एका माणसाच्या हौसेवर आणि पैशावर उभा असलेला संग्रह आता एका विश्वस्त संस्थेला चालवायचा होता. जागा आडबाजूची होती, प्रेक्षक पुरेसे येत नव्हते, आणि बर्फाच्या भाराने मोठ्या शेडचे छप्पर कोसळून आतल्या इंजिनांचे नुकसान झाले. 1984 मध्ये सारा पसारा पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात आला. डेलावेअर, लॅकावाना अँड वेस्टर्न रेल्वेचे जुने यार्ड आणि गोल शेड तिथे रिकामे होते. कोळशावर आणि रेल्वेवर वाढलेल्या पण आता मंदावलेल्या त्या शहराला पर्यटकांची आशा होती. गर्दी झाली नाही आणि संस्था कर्जात बुडाली. 30 ऑक्टोबर 1986 रोजी कायद्याने हे ठिकाण राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले, संग्रह राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेला आणि 1 जुलै 1995 रोजी नव्या रूपात ते लोकांसाठी खुले झाले.

सरकारने संग्रह घेतला म्हणजे सगळी वाहने वाचली असे मात्र नाही. अमेरिकी वाफयुगाची गोष्ट सांगणाऱ्या स्थळात कॅनडाची इंजिने कशाला, असा आक्षेप आला. उद्यान सेवेचे इतिहासकार गॉर्डन चॅपेल यांनी 1991 च्या अभ्यासात एकेका इंजिनाचा जन्म, प्रवास आणि सध्याची स्थिती नोंदवून कोणते ठेवावे आणि कोणते सोडावे याची शिफारस केली. असे काम पाडापाडीच्या घाईत होत नाही. माझ्या मते पुनर्वसनाच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा प्रामाणिक कागद थोडेच असतील.

टेंडरसह सुमारे 40 मीटर लांब आणि भरल्यावर 500 टनांहून जड असलेले युनियन पॅसिफिक रेल्वेचे 'बिग बॉय' 4012 हे इंजिन स्क्रँटनलाच राहिले. ते हलवणे हाच एक प्रकल्प झाला असता. बाकीच्यांपैकी काही पांगली, आणि त्यांच्या वाटा पाहिल्या की नवे घर या शब्दाचा अर्थ किती ताणतो ते कळते.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे 2816 क्रमांकाचे इंजिन 1930 मध्ये माँट्रियलला बांधलेले. 1998 मध्ये ते खुद्द कॅनेडियन पॅसिफिकनेच परत घेतले, 2001 पासून चालवले, आणि 2024 मध्ये ते कॅल्गरीहून थेट मेक्सिको सिटीपर्यंत गेले. ज्या कंपनीने ते निवृत्त केले होते त्याच कंपनीत त्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले. इंग्लंडच्या सदर्न रेल्वेचे 'रेप्टन' तर 1934 मध्ये ईस्टलीला बांधलेले. 1967 मध्ये ते समुद्र ओलांडून स्टीमटाउनला पोहोचले, पुढे कॅनडात केप ब्रेटनच्या पर्यटक गाडीला लागले आणि 1989 मध्ये मायदेशी परतून नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेवर गेले.

तिसरी वाट दुःखाची आहे. कॅनेडियन पॅसिफिकचे 1278 हे 1987 मध्ये अदलाबदलीने गेटिसबर्ग रेल्वेला दिले गेले, आणि बदल्यात कॅनेडियन नॅशनलचे 3254 आले. 16 जून 1995 रोजी गार्डनर्स गावाजवळ 1278 च्या बॉयलरमधले पाणी इतके उतरले की भट्टीच्या माथ्याचा पत्रा उघडा पडून तापला आणि फाटला. तिघे कर्मचारी भाजले. चौकशीत पाणी दाखवणाऱ्या काचेकडे जाणारा मार्ग गाळाने तुंबलेला आढळला. भट्टीच्या रचनेमुळे पत्रा टप्प्याटप्प्याने सुटला, म्हणून बॉयलर उडाला नाही आणि जीव वाचले. या अपघातानंतर अमेरिकेच्या केंद्रीय रेल्वे प्रशासनाने वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले. ते 2000 मध्ये लागू झाले. त्यानुसार 1,472 सेवादिवस किंवा 15 वर्षे, जे आधी भरेल तेव्हा, बॉयलर संपूर्ण उघडून तपासावा लागतो. 1278 आज ओहायोतल्या शुगरक्रीकच्या संग्रहात शांत उभे आहे. इंजिन देताना घेणाऱ्याच्या शेडबरोबर तिथल्या माणसांचे प्रशिक्षणही तपासायला हवे हे त्या दिवसानंतर कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

नियोजित स्थलांतर: क्लॅपम

सगळे बंद होणे असे विस्कटलेले नसते. लंडनच्या क्लॅपममधले ब्रिटिश वाहतूक संग्रहालय 1973 मध्ये बंद झाले, पण कुठे काय जाणार हे बरेचसे ठरलेले होते. 1968 च्या वाहतूक कायद्याने रेल्वेच्या ऐतिहासिक वस्तू सरकारी विज्ञान संग्रहालयाकडे सोपवण्याची वाट मोकळी केली होती. वाफेचा जागतिक वेगविक्रम करणारे 'मॅलार्ड' आणि त्याच्यासारखी इंजिने यॉर्कच्या जुन्या लोको शेडमध्ये गेली आणि 1975 मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले. लंडनच्या बस आणि ट्राम मात्र निराळ्या मालकीच्या होत्या. त्या आधी पश्चिम लंडनच्या सायन पार्कला आणि 1980 मध्ये कव्हेंट गार्डनच्या जुन्या फूलबाजारात आल्या. एकाच छताखालचा संग्रह मालकीच्या रेषेवर दुभंगला, तरी कोणतेही मोठे वाहन अनाथ झाले नाही. क्लॅपमच्या जागेवर आता सुपरमार्केट आहे.

विजेच्या गाड्यांची अडचण

वाफेच्या इंजिनाला भक्त मिळतात. उपनगरी विद्युत गाडीला मिळणे कठीण. कॉव्हेंट्रीजवळचे विद्युत रेल्वे संग्रहालय 2017 मध्ये बंद झाले तेव्हा हे उघड दिसले. हौशी रेल्वेमार्गांवर ओव्हरहेड तार किंवा विजेचा तिसरा रूळ जवळजवळ कुठेच नसतो, त्यामुळे अशी गाडी तिथे डिझेल इंजिनाने ओढावी लागते किंवा नुसती उभी राहते. रोज लाखो माणसांना कामावर नेणाऱ्या गाड्या इतिहासात वाफेइतक्याच मोठ्या आहेत, पण दोन-तीन डब्यांचा संच एकत्र ठेवायला लांब शेड लागते, आणि संच तोडला तर अर्थच हरवतो. लाकडी प्रवासी डब्यांचेही तसेच. इंजिन उघड्यावर दहा वर्षे तग धरते, पण छताचा कॅनव्हास फाटलेला लाकडी डबा दोन-तीन पावसाळ्यांत आतून कुजतो. म्हणून बंद होणाऱ्या संग्रहालयातून सर्वांत आधी डबे हलवावेत, असे मला वाटते. प्रत्यक्षात ते शेवटी हलतात.

दार्जिलिंगचे 19 क्रमांकाचे इंजिन

भारतीय इंजिनांपैकी या वाटेने खूप लांब गेलेले एक म्हणजे दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचे बी वर्गाचे 19. 1889 मध्ये ग्लासगोच्या शार्प स्टुअर्टने ते बांधले. 1962 मध्ये ते अमेरिकी हौशी इलियट डॉनेली यांना विकले गेले, आणि भारताबाहेर पडलेले त्या वर्गाचे ते एकमेव इंजिन ठरले. त्यांच्यानंतर ते इंडियानातल्या हेस्टनच्या वाफ संग्रहालयात होते. तिथून ब्रिटनच्या चिल्टर्न रेल्वेचे प्रमुख एड्रियन शूटर यांनी ते विकत घेतले, दुरुस्त करून घेतले आणि ऑक्सफर्डशायरमधल्या आपल्या घराभोवतीच्या खाजगी मार्गावर चालवले. दार्जिलिंगच्या धर्तीवरचे दोन डबे वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेच्या कारखान्यात बनवून घेतले. फेस्टिनिऑगचे गेज 597 मिलिमीटर आणि दार्जिलिंगचे 610. फरक इतका थोडा, की 19 तिथल्या डोंगरी मार्गावरही चढले. शूटर यांचा खाजगी मार्ग पुढे बंद झाला, इंजिनाला पुन्हा नवी जागा शोधावी लागली आणि ते विश्वस्त संस्थेच्या हाती गेले. या वेळी दोन्ही डबे त्याच्या मागोमाग निघाले.