घेतलेलं खारं पाणी आणि शिरलेलं खारं पाणी

एप्रिलात गोव्यातल्या रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदीतल्या चोडण बेटावर उतरा. कुठल्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतात, पाणी चमकत असतं, कुठे चिखलावर मिठाची पांढरी साय धरलेली असते. बघणारा लगेच म्हणतो, "जमीन खारावली, गेली." पण पाणी दोन्हीकडे मांडवीचंच असलं, तरी एका शेतात ते घेतलेलं असतं, दुसऱ्यात शिरलेलं.

घेतलेल्या पाण्याला वेळापत्रक असतं. भात कापून झालं की मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडून भरती आत घेतात. कोळंबी, मासळी येते. पावसाआधी पाणी काढून टाकतात. एरवी मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मीठ त्यात विरघळून दर ओहोटीला बाहेर जातं. उरलेला खारेपणा कोरगुट हे खाजनातलं स्थानिक भात सोसतं.

बांध फुटल्यावर मात्र भरती दिवसातून दोनदा येते, भर पावसाळ्यातसुद्धा. माती धुऊन निघायला उसंतच नाही. मिठातला सोडियम चिकणमातीच्या कणांवरचं कॅल्शियम हुसकावतो, कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि सुकलेलं ढेकूळ विटेसारखं कडक होतं. मग बांध दुरुस्त केला तरी पाऊस खाली मुरत नाही. रोप पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं, कारण खारं पाणी मुळांना ओढता येत नाही. गांडुळं, बेडूक नाहीसे होतात, जवळच्या विहिरी मचूळ होतात. काही वर्षांत तिवरं उगवतात. बांधाबाहेर हीच तिवरं लाटा अडवून बांध राखतात, म्हणून त्यांना वाईट म्हणवत नाही. पण शेतात रुजली की तोडायला परवानगी लागते आणि शेत परत मिळणं कठीण होतं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते घेतलेल्या पाण्याचं शिरलेलं होणं. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची राखण गावकरीकडून, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून, कुळांच्या संघटनांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी ढिली पडली. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, पैसा त्यात आहे. त्यापायी दार जास्त दिवस उघडं ठेवलं की घेतलेलं पाणीच शेतात मुक्काम करतं.

ओळखायचं असेल तर एप्रिलात नको, आषाढात जा. रोपं हिरवीगार असतील तर उन्हाळ्यातली ती पांढरी साय वाहून गेली. पानांची टोकं पांढरी पडून वाळत असतील, तर आधी मानशीचं दार नीट मिटतं का ते बघा आणि मग बांधावरून चालत जाऊन खेकड्यांनी पोखरलेली जागा शोधा.